तक्ता हरवलेलं चित्र

तपकीर गल्लीत, वायरींच्या भेंडोळ्यांवरच्या माडीत
आमची कंपनी: दोन खुर्च्या, एक मॉनिटर,
आणि गुरुवारी वीज नाही म्हणून गुरुवारी सुट्टी.
हणमंत तिकोने आणि मी
मुठेतल्या होडीचा खेळ लिहीत होतो.

पहिल्याच दिवशी चहा फुंकत त्यानं सांगितलं
की चित्रात रंग नसतात.
चौसष्ट हजार ठिपके, आणि प्रत्येकाच्या मुठीत
बँकेतल्या पितळी टोकनासारखा एक आकडा.
रंग काउंटरपलीकडे, तक्त्यात.
सतरा म्हणजे काय, ते ठिपक्याला ठाऊक नसतं.
तो नुसता सतरा धरून उभा असतो.

तक्त्यात घरं दोनशे छप्पन्न. एवढ्यातच भागवायचं.
आभाळाला बारा दिले की घाटाला कमी पडायचे,
पर्वतीच्या हिरव्यातले तीन काढून पाण्याला दिले,
नावाड्याच्या मुंडाशाचा भगवा
देवळाच्या झेंड्यालाही चालवला.
एकच कोट, दोन भावांची लग्नं, तिकोने म्हणायचा.

शून्य मात्र कुणालाच द्यायचा नाही.
शून्य म्हणजे इथे काही काढू नकोस,
मागचं दिसतंय ते दिसू दे.
होडीभोवतीचा सगळा चौकोन शून्यांचा,
म्हणून होडी होडीच्या आकाराची.

मग नदी.
शहाण्णव ते एकशे तीन, आठ निळे,
तक्त्यात एकेक घर पुढे ढकलायचे,
शेवटचा फिरून पहिल्या घरात.
पोर्टला आधी क्रमांक, मग लाल, हिरवा, निळा,
प्रत्येकाचं माप शून्य ते त्रेसष्ट,
आणि हे सगळं किरण तळातून वर परतेपर्यंत,
नाहीतर पडद्यावर पांढरी कुसळं उडायची.
ठिपका एकही हलला नाही
आणि लकडी पुलाखालून पाणी वाहू लागलं.
खालचे लुणावतशेठ फ्यूज बघायला आले होते,
फ्यूज हातातच राहिला.

सहा महिन्यांनी मी म्हटलं, झेंडा फार लाल झालाय.
त्रेसष्ट, अठरा, शून्य. बरोबर आहे, तो म्हणाला.
अरे, पण बघ ना.
त्यानं बघितलं नाही.
तेव्हा लक्षात आलं, हा मंडईत टोमॅटो दाबून घेतो,
अलका चौकात दिवा वरचा की खालचा, एवढंच बघतो,
आणि रोज मलाच विचारतो,
दुपारी घाटाचा दगड कसा असतो गं? आणि साडेसहाला?
मी काहीबाही सांगायचे. ओल्या खोबऱ्याच्या पाठीसारखा.
तो त्याचे तीन आकडे करायचा.
"माझ्याकडे तक्ता लहान आलाय," एवढंच बोलला
आणि पुढची ओळ टाइप करू लागला.

खेळ कुणी घेतला नाही. माडीवर आता मोबाइलची कव्हरं.
तिकोने गेला त्याला चार वर्षं झाली.
परवा त्याची मुलगी, मृण्मयी, एक फाइल घेऊन आली,
फ्लॉपीवरून कुणीतरी खरवडून काढलेली.
चित्र उघडलं: नदी गुलाबी,
आभाळ पोपटी, नावाड्याचं तोंड जांभळं.
बिघडलंय का हो? तिनं विचारलं.
नाही गं. आकडे सगळे शाबूत आहेत,
तक्ता तेवढा दुसऱ्याचा लागलाय.
तिचा धाकटा वाकून बघत होता.
"नदीये," म्हणाला. रंगाबद्दल अवाक्षर नाही.
आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

सोबत तिकोनेची वही होती, निळ्या रेघांची.
सतरा: घाट, दुपार. चौतीस, एकतीस, सव्वीस.
अठरा: घाट, ओला. सुलभाला विचारणे.
एकोणीस: सुलभाला विचारणे.

तर मी विचारात पडून बसलेय, सुलभा,
आज सकाळी पुलावर जाऊनही आले.
खाली जलपर्णी होती, आणि दगड
ओला होता खरा,
पण ऊन कोणत्या तासाचं, ते त्यानं लिहिलेलं नाही.